कुरुळीच्या गोठ्यात भोंगी

पिंपरी,
२ डिसेंबर १९७६

प्रिय कस्तुराअक्का,
सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड येऊन तीन महिने झाले. खोटं कशाला बोलू, उत्तर लिहायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज दुसरंच काहीतरी करत होतो. एकदा तर कागद घेऊन पवनेच्या काठी जाऊन बसलोही होतो. तिथं एकजण कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून विटेच्या तुकड्यानं म्हशीची पाठ घासत होता. म्हैस डोळे मिटून इतकी सुखात होती की मी तिच्याकडेच बघत बसलो. कागद वाऱ्यानं कधी गेला ते कळलं नाही. मग वाटलं, गेला तर गेला, त्यावर काही लिहिलेलं कुठं होतं.

भोसरीतलं लेथचं काम सोडलं. काम वाईट नव्हतं गं, पण दिवसभर एकच गोष्ट डोळ्यापुढे गरगर फिरत राहिली की मला उभ्या उभ्या स्वप्नं पडायची. फोरमन म्हणाला, “भावा, तुझा हात जाईल आणि माझी नोकरी. तू घरी जाऊन झोप.” मग मी आलो घरी.

घरी सगळं तसंच. बाबांची या महिन्यात पहिली शिफ्ट आहे. तू साहेबरावांशी कचेरीत जाऊन लग्न केलंस, तात्याबांच्या घरी तुला द्यायचा बाबांनी दिलेला शब्द मोडलास, त्याला उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. मी चुकून घेतलं तर ते ताटाकडे बघतात. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तू लिहिलंस, ‘त्या घरातलं मला काही नको, माझी भोंगी तेवढी भुसावळला आणून दे.’ आणतो ना. वर्ष संपायच्या आत आणतो, शब्द देतो. साहेबराव मांजर घरात घेतील ना? काही पुरुषांना चालत नाही.

भोंगी बरी आहे. जरा सुस्त आहे इतकंच. थंडी आहे, म्हणून असेल. पाण्याच्या पिंपाखाली बसून असते. तू तिचं नाव ज्याच्यावरून ठेवलंस तो सकाळचा भोंगा अजून तसाच वाजतो, पण ती दोन दिवस त्याला उत्तर देत नाही. काळजी करू नकोस.

तुझा,
भीमराज


कुरुळी,
६ डिसेंबर

अक्का,

पत्ता बघून दचकू नकोस. चाकणच्या अलीकडे कुरुळी म्हणून गाव आहे, तिथल्या एका गोठ्यात बसून लिहितोय. मांडीवर फळी आहे, समोर दोन बैल आहेत, आणि माझ्या डाव्या हाताला कांद्याच्या पाटीत बारदानावर भोंगी आहे.

मागच्या पत्रात बरी आहे म्हणून लिहिलं, ते खरं नव्हतं. कुठल्यातरी बोक्याशी तिचं भांडण झालं आणि मागच्या पायावर चावा बसला. पाय सुजला, अंग तापलं, खाणं सुटलं. मग तीन तारखेला ओकायला लागली आणि चालताना डुलायला लागली, जशी चाळीतली माणसं पगाराच्या दिवशी डुलतात तशी. शेजारच्या भिमाबाई म्हणाल्या, “अरे, पुण्याला जनावरांचा मोठा दवाखाना आहे, तिथं ने.” मी तिला पिशवीत घातलं आणि नाशिक फाट्यावर जाऊन बसमध्ये चढलो.

कंडक्टर म्हणाला, “पिशवीत काय हलतंय?”

“मांजर आहे. आजारी आहे.”

“हे बघा राव, रस्त्यात आडवी जाते ती मी चालवून घेतो. गाडीत आडवी नको. उतरा.”

सगळी गाडी हसली. मीही हसलो. उतरून फाट्यावर उभा राहिलो. तिथं एक ट्रक चाकाला हवा भरत थांबला होता. जयसिंग त्याचा ड्रायव्हर, चाकणच्या बाजारातून कांदा भरून नेतो, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं. म्हणाला, “पुण्याला कशाला मरायला? आमच्या चाकणला गुरांचा डाक्तर हाय. चार दिवस पडून असलेली आमची म्हस उठिवली त्यानं. बस वर.”

पुणं एका बाजूला, चाकण दुसऱ्या. पण मी बसलो. तू म्हणशील, हा नेहमी असाच, जो रस्ता बोलावेल त्या रस्त्यानं जातो. खरं आहे. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल लागला तेव्हा खाली नदी नव्हतीच, नुसतं धुकं होतं, आणि त्यावरून आम्ही ढगावरून चालल्यासारखे गेलो. भोंगीनं पिशवीतून डोकं बाहेर काढून बघितलं. तिलाही ते खरं वाटलं नसावं.

गुरांच्या दवाखान्यात एक लोखंडी खोडा आहे. बैल त्यात अडकवायचा आणि मग सुई मारायची. त्या एवढ्या खोड्याच्या शेजारी मी पिशवी घेऊन रांगेत उभा. पुढे म्हशी, मागे म्हशी. एक म्हातारा म्हणाला, “आरं ह्ये काय, वाघाची मावशी आलीया! वाट करा तिला.” आणि खरंच वाट करून दिली.

डॉक्टर बोऱ्हाडे नावाचे आहेत, जाड भिंगाचा चष्मा, हात कोपरापर्यंत धुतलेले. त्यांच्या वहीत रकाने आखलेले होते, बैल, गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी. पेन धरून ते थांबले. “हिला कुठं लिहू?”

म्हातारा म्हणाला, “शेळीत लिवा, सायेब. दूध तर पिती.”

डॉक्टर हसले नाहीत. खाली कोपऱ्यात ‘इतर’ असं लिहिलं. मालकाचं नाव विचारलं, तर मी तुझं सांगितलं. कस्तुरा कोंडीराम. तुझीच आहे ना ती?

पायाचं गळू त्यांनी फोडलं. किती घाण निघाली ते लिहीत नाही. मग तिचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या, आणि बराच वेळ बघितल्या. म्हणाले, “एवढ्याशा गळवानं जनावर असं डुलत नाही. काही खायला-प्यायला दिलं होतंस? काही औषध?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. तिच्या पाठीच्या कातडीखाली सुईनं सलाईनचं पाणी सोडलं, तिथं उंटासारखं लहानसं कुबड वर आलं. “रोज आणायची. जगेल का ते मी सांगत नाही.”

पिंपरीहून रोज कसं येणार? म्हणून जयसिंगनं आपल्या घरी आणलं. त्याची आई तानाबाई. तिनं पहिल्यांदा भोंगीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझं आडनाव विचारलं, आणि म्हणाली, “गोठ्यात ऱ्हा. ऊब आसती.” चहा दिला तो कान तुटलेल्या कपात, आणि पिऊन झाल्यावर तो मी विसळून कोनाड्यात वेगळा ठेवला. वेगळा ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, तुला माहीत आहे.

पण गोठा छान आहे गं. दुपारी बैल रवंथ करतात, त्यांच्या श्वासानं हवा ओली होते. बाहेर कांद्याच्या पातीचा वास. मला सारखा डोळा लागतो. काल दुपारी दिसलं, आपली चाळ पाण्यावरून सावकाश वाहत भुसावळकडे चालली आहे, आणि तू फलाटावर उभी राहून एकेक दार मोजते आहेस. जाग आली तेव्हा भोंगी माझ्याकडे बघत होती. डोळे उघडे, पण मागे कोणी नसल्यासारखे.

तुझा,
भीमराज


कुरुळी,
९ डिसेंबर

अक्का,

आज हे लिहायलाच हवं. दोन पत्रांत लपवलं, आता पोटात मावत नाही.

भोंगीला मी गोळ्या दिल्या.

ती तापली तेव्हा मला वाटलं, ताप तो ताप. आपल्या पिंपरीत गोळीला कोण घाबरतं? अर्धं गाव औषधाच्या कंपनीत कामाला, घराघरात गोळ्यांचे डबे, त्या वासात आपण मोठे झालो. आपला डबा मात्र रिकामा होता. मग मी बाबांचं कामगार विम्याचं कार्ड घेतलं आणि विम्याच्या दवाखान्यात जाऊन रांगेत उभा राहिलो. तिथं मांजर आजारी आहे म्हणून कसं सांगणार? कार्डावर घरातल्या माणसांची नावं असतात. आईच्या नावावर ती गेल्यापासून लाल रेघ आहे. माझ्याही नावावर रेघ आहे, वय झालं म्हणून. तुझं नाव मात्र तसंच आहे, अक्का. लग्न झालं की बापानं लिहून द्यायचं असतं, मग ते काढतात. बाबांनी दिलेलं नाही. मी तिथं उभ्या उभ्या ते नाव तीनदा वाचलं.

खिडकीशी माझा नंबर आला. डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, “पेशंट?”

“कस्तुरा. बहीण.”

“कुठाय?”

“उठवत नाही तिला. ताप आहे. जेवत नाही. कोपऱ्यात बसून असते, हाक मारली तरी बघत नाही.”

“कधीपासून?”

“तीन-चार दिवस.”

“मनाला लागलंय का काही?”

“असेल,” म्हटलं. त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि बाटलीत लाल औषध ओतून दिलं, म्हणाले, उतरला नाही तर घेऊन या.

लाल औषध भोंगीनं थुंकलं. गोळ्या मी पाव-पाव करून, बोंबलाच्या तुकड्यात लपवून दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, तीन दिवस. आजारी होती तरी माझ्या हातून खाल्लं तिनं. तेच सारखं आठवतं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्या सकाळीही दिली होती.

काल इथल्या डॉक्टरांना सांगून टाकलं. दवाखाना रिकामा व्हायची वाट बघत होतो, पण तो म्हशीवाला म्हातारा जाईचना. मग त्याच्यासमोरच सांगितलं. डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली.

“माणसाच्या अंगातून ती गोळी रात्रीपर्यंत जाते. मांजराच्या अंगातून जात नाही. पहिली जायच्या आत तू दुसरी दिलीस, तिसरी दिलीस. आत साठत गेलं सगळं. हिला गळवाची बाधा दोन आणे आणि तुझ्या अकलेची चौदा आणे.”

मी भोंगीखालचं बारदान सारखं केलं.

“पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना मी?”

“हो.”

“मग?”

“भीती वाटली.”

म्हातारा म्हणाला, “सायेब, म्या बी बैलाला एकदा सोताचं खोकल्याचं औषीद पाजलं हुतं. चूक हुती मानसाकडनं.” डॉक्टर त्याच्यावरच ओरडले. पण त्यानंतर त्यांनी भोंगीला दोन वेगळ्या सुया दिल्या, सलाईन वाढवलं, आणि मला समजावून सांगितलं. पोटात जखम झाली असेल. घोट घोट पाणी आणि पातळ पेज बोळ्यानं द्यायची. ऊब ठेवायची. दुसरं काही, अगदी काहीही, द्यायचं नाही. आपल्या आपण पाणी प्यायला लागली तर वाचली. सोमवारपर्यंत नाही प्याली तर मनाची तयारी ठेव.

म्हणजे चार दिवस. तुला आता सांगितलं. या घरातलं तू एकच मागितलंस, ते मी असं करून ठेवलंय.

बाबांना सहा तारखेलाच कार्ड टाकलं होतं. ‘कुरुळीत जयसिंग कांदेवाल्यांच्या घरी आहे. एका आजारी माणसाजवळ थांबलोय. बरं वाटलं की येतो.’ मांजर असं लिहिलं नाही. बाबांना मांजर लिहायचं म्हणजे तुझी मांजर लिहायचं, आणि तुझं म्हटलं की ते कार्ड पुढे वाचणार नाहीत.

तानाबाईंनी आज कापसाचा बोळा करून दाखवला. आपल्या मांडीवर पाटी घेतली, भोंगीचं तोंड दोन बोटांनी उघडलं आणि थेंब थेंब पेज सोडली. तोंडानं शिव्या चालूच. “गिळ गं भवाने. गिळ. एवढ्या लांबनं आलीस ती मराया व्हय? आन तू रं, तोंड पाडून काय बसलाईस? चुलीवरलं कोमट पानी आन जा.”

मी उंबऱ्याशी थांबलो. चूल आतल्या घरात आहे.

“आन म्हनलं ना,” ती म्हणाली, वर न बघता.

मी आत गेलो आणि आणलं.

भीमराज


कुरुळी,
१३ डिसेंबर, सोमवार सकाळ

अक्का,

हे पत्र तीन दिवस मनात लिहितोय, त्यामुळे कुठलं लिहून झालंय आणि कुठलं नुसतं वाटलंय ते कळत नाही.

दिवस धुक्यासारखे गेले. सकाळी ट्रकनं चाकण, दुपारी परत, मग बोळा, मग झोप, मग बोळा. परवा दवाखान्यातून येताना मी चाकणच्या भुईकोट किल्ल्यात शिरलो. नुसती माती आणि पडलेले दगड. भोंगीला पाटीसकट उन्हात ठेवलं आणि मी शेजारी आडवा झालो. एक बांगड्यावाला तिथंच सावलीला बसून आपला माल फडक्यानं पुसत होता. बांगड्यांवरून ऊन उडून दगडांवर हिरवे-लाल ठिपके नाचत होते. एक ठिपका भोंगीच्या नाकावर आला. तिचा कान हलला, एकच. मी बांगड्यावाल्याला म्हटलं, “काका, अजून थोडा वेळ पुसत बसा.” त्यानं काही न विचारता आणखी एक चळत काढली.

काल रविवार. काल ती गार पडली होती. पाय, कान, सगळं. जयसिंगनं ट्रक काढला नाही, गोठ्याच्या दारात विडी न पेटवता नुसती धरून बसला. तो नेहमी चेष्टा करतो, “राव, मांजरासाठी एवढं, बायकोसाठी काय करशील?” काल त्यानंच विटा शोधून आणल्या. तानाबाईंनी विटा तापवून फडक्यात गुंडाळून पाटीत ठेवल्या. मी तिच्याशी बोलत होतो. काय बोललो आठवत नाही, भुसावळचं काहीतरी. मी भुसावळ पाहिलेलं नाही, तरी सांगत होतो, तिथं घराला गच्ची आहे, तिथं गाड्यांच्या शिट्ट्या दिवसभर वाजतात, तुला उत्तरं पुरायची नाहीत.

आज सकाळी मला जाग आली ती आवाजानं. चप्, चप्, चप्. मला वाटलं बैल. बैल उभे होते, गप. भोंगी पाटीच्या बाहेर होती, अक्का. पुढचे पाय रोवून बसलेली, मागचा भाग अजून लोळागोळा, आणि बैलांच्या बादलीखाली जे पाणी सांडलं होतं ते जिभेनं चाटत होती. मी हललो नाही. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि परत प्यायला लागली. या वेळी डोळ्यांत ती होती. तीच, आपली.

मी तानाबाईंना हाक मारली. त्या धावत आल्या, बघितलं, आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “आगं माझी बाय!” मग लगेच माझ्यावर ओरडल्या, “खाली घान पानी पिऊ देतोस व्हय रं!”

डॉक्टर लसीसाठी सायकलवरून वस्तीवर निघाले होते, ते वाटेत थांबले. हिरड्या बघितल्या. म्हणाले, “अजून तीन आठवडे प्रवास नको. पण आता हिला ‘इतर’ म्हणायला नको, एक रकाना आखून घेतो.” पहिल्यांदाच हसलेले बघितले त्यांना.

म्हणजे वर्षाच्या आत आणतो हा माझा शब्द जाणार. जानेवारीत आणीन. तू रागव, पण तिथं रागव, समोर. पत्रातून नको. आणि मी तिला गोळ्या दिल्या ते साहेबरावांना

थांब, तानाबाई अंगणात कोणाशीतरी बोलतायत. आवाज ओळखीचा वाटतो.

अक्का, बाबा आलेत.

मी कुडाच्या फटीतून बघतोय आणि लिहितोय. अंगात कंपनीचे खाकी कपडे आहेत, म्हणजे पहिल्या शिफ्टला निघाले असणार आणि वाटेतून वळले असणार. आज सोमवार आहे, सुट्टीचा गुरुवार नाही. बाबांनी कामावर खाडा केलेला मला आठवतच नाही. हातात मोसंब्यांची पिशवी आहे. तानाबाईंना सांगतायत, “खोकल्याचं औषध आणायला विम्याच्या दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणाले, तुमच्या कस्तुराचा ताप उतरला का? दाखवायला आणली नाहीत तिला? मला काही सुधरेना, बाई. मग घरी या पोराचं कार्ड येऊन पडलेलं, आजारी माणसापाशी आहे म्हणून. आत्ताच्या आत्ता सांगा, माझी कस्तुरा कुठं निजली आहे?”

तानाबाईंना काय कळणार. त्यांना तुझं नाव ठाऊक आहे ते भोंगीबरोबर, दवाखान्याच्या वहीतलं, ते मांजराचंच वाटतं त्यांना. त्या म्हणाल्या, “हितंच हाय की, गोठ्यात. आज पानी प्याली आपल्या आपन.”

बाबा गोठ्याकडे वळलेत. आता त्यांना काय सांगू गं मी? दाराशी येऊन थांबलेत. गोठ्यात शिरताना कोणी चपला काढतं का? बाबा काढतायत.